चारही वायरी काढल्यावर

आधीच सांगते — मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतली नाही. भूत, बाधा, नजर, लिंबू-मिरची... या सगळ्याविरुद्ध पत्रकं लिहिणारी आणि नाशिकच्या चौकांत उभी राहून ती वाटणारी मुलगी आहे मी. नव्या गाडीच्या चाकाखाली लिंबू ठेवणाऱ्या माणसाशी शोरूमच्या दारात भांडलेय. त्यामुळे खाली कमेंटमध्ये ‘ताई, आत्मा असेल’ असं लिहायला ज्यांची बोटं शिवशिवताहेत, त्यांनी कृपया आवरा.

तर, बाबांची गाडी. लाल, बुटकी, दोन दारांची जुनी स्पोर्ट्स कार. बाबा एकलहऱ्याच्या वीज केंद्रात फिटर होते. देवळालीच्या एका म्हाताऱ्या गृहस्थांकडून त्यांनी ती मोडक्या अवस्थेत आणली आणि स्वतःच्या हातांनी उभी केली. गेल्या वर्षी बाबा गेले. गाडी सिडकोतल्या आमच्या बिल्डिंगखाली तशीच राहिली. आणि आई रोज संध्याकाळी खाली जाऊन तिच्या डाव्या सीटवर बसायला लागली. नुसतीच, काचा वर करून. जेवायला हाक मारली तरी उठायची नाही. अंगावरचे ब्लाउज सैल झाले, बोलणं आटलं... मला बघवेना. ठरवलं, गाडी विकायची. आई हो म्हणाली नाही, नाहीही म्हणाली नाही.

गिऱ्हाईक मिळालं, पिंपळगाव बसवंतचा कुणाल. द्राक्षांचं पॅकहाउस आणि जुन्या गाड्यांचा नाद. पण इंजिन मिसिंग मारत होतं. एक सिलिंडर मेलेला, त्यामुळे सगळी गाडी थरथरायची. लोकांना फसवून माल विकणाऱ्यांवर मी पत्रकं काढते, मग दोष लपवून गाडी कशी विकू? कुणालला म्हटलं, ये, तुझ्यासमोरच तपासू. द्वारका चौकाजवळचे मेकॅनिक शकीलभाई, त्यांनाही बोलावलं. रविवारची भर दुपार होती.

“एकदम सोपं काम,” शकीलभाईंनी बॉनेट उघडलं. “चालू इंजिनात एकेका प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर इंजिन आणखी दबलं नाही, तिचा सिलिंडर मेलेला.”

पहिली काढली. काही फरक नाही.

“सापडला चोर!”

खात्री करायला दुसरीही काढली. फरक नाही. शकीलभाईंचं हसू ओसरलं. तिसरी... मग चौथी.

इंजिन चालूच! आणि थरथर बंद. एकसारखा, मऊ आवाज.

“शकीलभाई, नाटक पुरे.”

“मी काय केलं मॅडम? ठिणगीच मिळत नाही तिला! तापलेलं इंजिन कधी कधी उगाच दोन-चार गचके मारतं... पण असं?”

मी चावी फिरवून काढली, मुठीत धरली. तरी चालूच.

“ताई,” कुणाल हळूच म्हणाला, “घरात अगरबत्ती आहे का?”

“गप रे!”

माझं डोकं फिरलं. कुणीतरी बनवतंय आपल्याला! आमच्या पत्रकं वाटणाऱ्या गटाची एक रीत आहे — चमत्कार म्हटला की आधी माणसं लांब करायची, म्हणजे हातचलाखी उघडी पडते. मी दोघांना पार कंपाउंडच्या भिंतीशी उभं केलं.

“हात वर करा.”

“वा! मीच चोर झालो का आता?” शकीलभाई कुरकुरले, पण हात वर केले. मीही जाऊन त्यांच्याशेजारी हात वर करून उभी राहिले. गाडीपाशी कुणीही नाही. इंजिन चालू.

तेवढ्यात वरून, तिसऱ्या मजल्यावरून, आईचा खणखणीत आवाज —

“आले हो! बंद करा ती, पेट्रोल जळतंय!”

बाबा कुठे निघायचं असलं की आधीच खाली जाऊन गाडी सुरू करून ठेवायचे. साडीला पिना लावता लावता आई आतून हेच ओरडायची. वर्षानुवर्षं, हेच शब्द.

इंजिन थांबलं. त्याच क्षणी.

आई गॅलरीत आली. खाली आम्ही तिघं, भिंतीशी, हात वर केलेले. तिनं कठडा घट्ट धरला.

“कोण होतं गाडीत?”

“कोणी नाही, आई.”

“बरं,” म्हणाली, आणि आत गेली.

शकीलभाईंनी वायरी परत जोडल्या. पहिल्याच चावीला गाडी सुरू झाली, चारही सिलिंडर ठणठणीत. मी कुणालला स्पष्ट सांगितलं, “दोष काय होता, तो कसा गेला, मला माहीत नाही. नको असेल तर घेऊ नकोस.”

“मी डोळ्यांनी पाहिलंय ना सगळं, ताई. जपून ठेवतो तिला.” घेऊन गेला.

नंतर एका इंजिनीअरिंगच्या प्राध्यापकांना विचारलं. म्हणाले, “असं होत नाही. तुमच्या बघण्यात चूक झाली असेल.” इतका राग आला मला! आणि मग आठवलं, हेच वाक्य मी चौकात लोकांच्या तोंडावर फेकते.

आई आता वेळेवर जेवते. झोपते. शेजारच्या काकूंशी गप्पा मारते. त्या दुपारबद्दल एकदाच बोलली, भाजी निवडताना, मान खाली घालून — “बंद केली ना त्यांनी. मग झालं.”

‘त्यांनी’! एरवी या एका शब्दावर मी तासभर वाद घातला असता. तोंड उघडलंही होतं... मग समोरची मेथीची जुडी ओढली आणि तिच्याबरोबर निवडत बसले. पत्रक मात्र त्यानंतर एकही लिहून झालेलं नाही.