कुत्र्याची मातृभाषा

लक्ष्मीपूजनाला फटाके सुरू झाले की आमच्या भागातली कुत्री जिकडे वाट फुटेल तिकडे पळायची. दुसऱ्या दिवशी लोक त्यांतली दोन-तीन तरी माझ्या अंगणात आणून बांधायचे. मी कुळगावच्या शाळेत शिक्षिका. ऐंशीच्या दशकात कधीतरी मी एका कुत्र्याला त्याच्या घरी पोचवलं, आणि तेव्हापासून हे काम माझ्या गळ्यात पडलं. खरं सांगायचं तर मला ते आवडायचंच. लोक कौतुक करायचे, आणि कौतुकाला मी कधी नाही म्हटलेलं नाही.

माझी एक पद्धत होती. कुत्र्याला समोर घ्यायचं आणि एकेका भाषेत हाक मारायची. 'ये, ये' म्हटल्यावर आलं तर कुळगाव, नाहीतर आसपासची गावं. 'इंगे वा'ला कान टवकारले तर अंबरनाथच्या कारखान्याच्या वसाहतीतलं तमिळ घर. 'अच' म्हटल्यावर उठलं तर उल्हासनगरचं सिंधी घर. 'इधर आ' मी वापरतच नसे, त्याला सगळीच येतात. नवरा म्हणायचा, "जनगणनेला तुलाच पाठवायला हवं." तो टोमणा आहे हे मला पुष्कळ उशिरा कळलं.

एका दिवाळीत तांबूस रंगाचा, तोंडाभोवती पिकलेला एक कुत्रा आला. 'ये' म्हटलं, ढिम्म. 'इंगे वा', ढिम्म. 'अच' म्हणताच तो उठून माझ्या पायाशी आला आणि 'वेह' म्हटल्यावर शहाण्यासारखा बसला. मला इतका आनंद झाला की मी त्याला अख्खी करंजी दिली. शेजारचे गृहस्थ उल्हासनगरात कापडाच्या दुकानात कामाला होते. त्यांच्या दुकानामागे एका सिंधी आजोबांचा कुत्रा दिवाळीत पळाला होता, असं त्यांनी सांगितलं. मग आणखी काय हवं होतं?

मी रिक्षा करून कुत्रा घेऊन गेले. आजोबांना डोळ्यांनी जवळजवळ दिसत नव्हतं. ते खाटेवर बसून "अच, अच" म्हणाले, आणि कुत्र्यानं जाऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. सून मात्र कुजबुजली, "टीचर, हमारा वाला थोडा ऊंचा था."

"चार दिन भूका रहा ना, इसलिए छोटा दिखता है," मी वर्गातल्या आवाजात म्हणाले. त्या आवाजापुढे सहसा कोणी बोलत नाही. आजोबा कुत्र्याच्या डोक्यावरून, मग कानांवरून सावकाश हात फिरवत राहिले आणि म्हणाले, "ठीक है, टीचर." त्यांनी मला गरम कोकी, म्हणजे त्यांची कांदा घातलेली जाड पोळी, आणि पापड खायला दिले. मी परतले ती तरंगतच.

आठवडाभरानं शाळेच्या फाटकाशी एक म्हातारी उभी. शाळेमागच्याच गल्लीत एकटी राहणारी. दिवाळीपासून ती पार जांभूळ गावापर्यंतचे रस्ते पालथे घालत होती. पाय सुजलेले.

"बाई, माजा कुत्रा तुमी नेला म्हनं? तांबडा, म्हातारा?"

"तो सिंधी कुत्रा होता, आजी."

"सिंधीच हाय. वीस वर्सं मी पापड लाटायला व्हते सिंध्यांकडं. तितलंच पिल्लू. त्याला मराटी कुटं येतंय?" आणि ती फाटकाला धरून रडायला लागली. "घरात बोलायला तेवडाच हाय मला."

माझ्या पद्धतीत एवढी एक शक्यता राहून गेली होती. मला इतकी शरम वाटली की मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तिला घेऊन तशीच उल्हासनगरला निघाले.

कुत्रा आजोबांच्या खाटेखाली होता. म्हातारी दारातूनच "अच रे" म्हणाली, आणि तो म्हातारा कुत्रा असा काही धावला की खाट हलली. ती खाली बसली आणि त्याला मिठी मारून त्याच्याशी सिंधीत भांडू लागली. आजोबांचा हात खाटेवरून खाली लोंबत राहिला होता. मी माफी मागायला लागले तर ते म्हणाले, "अरे टीचर, मुझे पहले दिन ही मालूम था. हमारे वाले का एक कान आधा कटा हुआ है. हाथ लगाया, समझ गया. आप इतना दूर से, इतना भरोसे से लेकर आई. आपका दिल कैसे तोडूं?"

म्हणजे त्या घरात सगळ्यांना कळलं होतं. मला सोडून.

परतीच्या रिक्षात कुत्रा आम्हा दोघींच्या मध्ये झोपला होता. अंबरनाथ आलं. तशी म्हातारीनं विचारलं, "बाई, त्या बाबांचा कुत्रा कोन शोदतंय?"

कोणीच शोधत नव्हतं. कुत्रा सापडला, असं आठ दिवसांपूर्वी मीच त्यांना सांगून आले होते.

मी रिक्षा वळवायला सांगितली.