विमलताईंच्या माश्यांची पुढची पिढी

मी माझ्या नणंदेच्या अळ्या गटारात ओतणार होते.

तारीखही ठरवली होती. पोळ्यापर्यंत अळ्यांचे टब गच्चीवरून हलले नाहीत, तर सगळं ओतून मी नागपूरला माहेरी जाईन, असं नवऱ्याला ठणकावून सांगितलं होतं. त्यानं घाबरत घाबरत ते बहिणीच्या कानावर घातलं.

ताई म्हणाल्या, "जाऊ दे ना तिले. येतानी संत्रा बर्फी आणजो म्हणा."

विमलताई. माझी मोठी नणंद. आज त्यांना जाऊन एक वर्ष झालं.

प्लांटच्या कँटीनमध्ये नोकरी. उरलेलं अन्न फेकलं जाताना बघण्यात त्यांची सगळी वर्षं गेली. रिटायर झाल्या, कुठून तरी ट्रेनिंग घेऊन आल्या आणि आमच्या तात्यापारा मोहल्ल्यातल्या गच्चीवर ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या पाळायला लागल्या.

भाज्यांच्या साली, उरलंसुरलं अळ्यांना. गुबगुबीत अळ्या कोंबड्यांना.

कोंबड्या दुलारीदीदीच्या. ती कँटीनमध्ये ताईंच्याच हाताखाली होती. गावी जाऊन तिनं कोंबड्या पाळल्या, पण दाणा इतका महागला की बिचारी त्या विकायला निघाली. ताईंनी तिला शब्द दिला, "बेचना मत. दाना मैं दूँगी."

मला मात्र एवढंच दिसायचं, की जिथं मी वड्या वाळवते तिथं किडे वळवळतायत.

मे महिन्यात ताई दोन दिवस दुलारीदीदीकडे गेल्या. "सालीच टाकजो फक्त," असं दहादा बजावून गेल्या.

ऊन असं, की मलाच त्या अळ्यांची दया आली. घरात बोरे बासी उरली होती, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात. म्हटलं, आपण थंडाव्याला खातो, खाऊ देत यांनाही. पाण्यासकट सगळ्या टबांत ओतली.

दुपारच्या चहाला अळ्या जिना उतरून स्वयंपाकघरात हजर.

मी ओट्यावर चढले आणि तिथूनच ताईंना फोन लावला.

ताई तासाभरात आल्या. मला ओट्यावर बघून फरशीवर फतकल मारून बसल्या आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसल्या.

"काहून वं संगीता, बासी खाऊ घातली? इतक्या पाण्यात जीव गुदमरते त्याहीचा. पळतीन नाही तं काय करतीन!"

मग झाडूनं सगळी फौज गोळा केली, टबांत धानाचा कोंडा मिसळला, आणि माझा हात धरून सरळ आत घातला. "दाबून पाह्य. पानी गळलं तं ओलं हाय."

अळ्या गरम होत्या. नुकत्या वाफ जिरलेल्या भाताएवढ्या. वास नव्हता. मला किळस यायला हवी होती, ती आलीच नाही. याचा मला फार राग आला.

पोळा आला आणि गेला. मी नागपूरला गेले नाही.

मग गेल्या जानेवारीत हॉस्पिटल.

ताई म्हणाल्या, "टब धुऊन कोनाले तरी देऊन टाकजो. दुलारीले सांग, वीक आता कोंबड्या. सुटली तू."

मला सुटायचं नव्हतं. पण हे मी त्यांना बोलले नाही. अजून सलतं.

ताई गेल्या तेव्हा टब रिकामे होते. फक्त एक डबाभर कोष शिल्लक.

कोषातून माशी निघते, आठवडाभर जगते, अंडी घालते, मरते. पण त्यासाठी तिला ऊन लागतं. आणि त्या जानेवारीत आभाळ हटायचं नाव घेईना. अंडी नाहीत, म्हणजे ताईंनी वाढवलेला अख्खा वंश तिथंच खलास.

नवरा म्हणाला, "सोड ना आता. ताईच सांगून गेली."

सोडलं असतं तर मी संगीता कसली!

कोषांतून माश्या निघाल्या, तसा त्यांचा मच्छरदाणीचा पिंजरा घेऊन मी गच्चीभर उन्हाच्या मागे फिरले. सकाळी टाकीजवळ, दुपारी शेजारच्या भिंतीशी. पाणी शिंपडलं. कुजक्या पपईचा डबा आत ठेवला, त्यावर अंडी घालायला पुठ्ठ्याच्या पट्ट्या.

रोज थोड्या माश्या मरून पडायच्या. रोज मी पट्ट्या उलटून बघायचे. काही नाही. एक दिवस ताईंची इतकी आठवण आली की तिथंच बसून रडले.

शेवटी एकदाचं ऊन पडलं. तिसऱ्या दिवशी पुठ्ठ्याच्या खाचेत फिकट पिवळा रवा दिसला.

रवा कसला! अंडी!

मी अशी किंचाळले की नवरा दोन-दोन पायऱ्या गाळत वर आला. शेजारची दीदी काय झालं म्हणून धावत आली, "का होगे?"

"बच्चे होने वाले हैं!"

ती माझ्या पोटाकडे बघत राहिली. चोपन्न वर्षांची आहे हो मी.

आज आमच्या गच्चीवर पाय ठेवायला जागा नाही. मोहल्ल्यातली घरं साली वेगळ्या ठेवतात. ज्या काकू नाक दाबून जायच्या, त्या आता बादली न्यायला उशीर झाला तर मलाच झापतात.

दुलारीदीदीनं एकही कोंबडी विकली नाही. उलट नवीन पिल्लं आणलीत. आज सकाळी ती आली, ताईंच्या फोटोसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "दीदी, तोर बहू तोर ले जादा जिद्दी हे."

ताई, दुलारी म्हणते मी, तुमची भावजय, तुमच्याहून हट्टी आहे. बघा आता!

तुमचं शेवटचं सांगणं मी ऐकलं नाही. रागवायचं तर खुशाल रागवा.

मला आत्ता वर जायचंय. सगळ्या अळ्या भुकेल्या आहेत.

तुमच्या अळ्यांपुढे हरलेल्या भावजयीकडून मनापासून आदरांजली.

जय भीम, ताई.