सावली म्हणजे कुठली सावली

इस्पितळाच्या धुलाईखान्यात चादरींना इस्त्री करण्यात तिची हयात गेली. सगळे तिला इस्त्रीमावशी म्हणत. घरी पोचेपर्यंत पाय सुजून टम्म झालेले असत आणि आल्या आल्या बोलायचंही तिच्या जिवावर येई. त्यात लेक तान्ही मुलगी घेऊन माहेरी आली, ती कायमचीच. जावयाने दुसरा संसार थाटला होता. त्याच्याशी भांडायला दोघींच्यात त्राण नव्हतं.

या सगळ्यात मुलीचं नाव ठेवायचंच राहून गेलं. बाळ रडलं, बाळ झोपलं, एवढ्यावर भागत होतं. लस टोचायला नेलं तेव्हा परिचारिकेने टोकलं, पुढच्या वेळी नाव ठरवूनच या म्हणाली.

त्या संध्याकाळी दुधाच्या बाटल्या धुता धुता लेक म्हणाली, "सावली ठेवू या."

मावशीची थोरली बहीण शेजारीच राहायची. तिने नाक मुरडलं. आजकाल लोक पोरींना नदीचं, फुलाचं, पावसाचं नाव ठेवतात ते एक वेळ ठीक, पण सावली? तिचं स्वतःचं असं असतं काय? जन्मभर दुसऱ्याच्या मागे फरफटायचं. मावशीलाही ते पटलं. आपण तरी दुसरं काय केलं, असं तिच्या मनात येऊन गेलं.

"तुला कुठून सुचलं हे?" तिने लेकीला विचारलं.

लेकीने सांगितलं. लहानपणी घरी सांभाळायला कोणी नसायचं, म्हणून आई तिला कामावर न्यायची. आत वाफेने जीव घुसमटायचा, तेव्हा मागच्या अंगणात झाडाखाली बसवायची. ऊन सरकेल तशी ती आपली चटई सरकवायची. जेवणाच्या सुट्टीत आई घामाने निथळत यायची, शेजारी पाय पसरायची आणि कुठल्या डॉक्टरच्या कोटाच्या खिशात काय सापडलं त्याच्या गमती सांगायची.

"घरी तू नुसती दमलेली असायचीस, आई. बोलायचीस ती तिथेच."

मावशीला त्या गमतींतली एकही आठवेना. आठवत होते ठणकणारे पाय आणि सुट्टी संपल्याची घंटा. पण पोरीने ते इतकी वर्षं जपलं होतं. बहीण पुन्हा तोंड उघडणार, तोच मावशीने तिला हाताने थांबवलं.

"राहू दे गं, ताई. तिला ठाऊक आहे कुठली सावली ते."

पुढच्या लशीच्या वेळी लेक तापाने फणफणली होती. अर्धी रजा टाकून मावशीच नातीला घेऊन गेली. परिचारिकेने नाव विचारलं. मावशीने सांगितलं, वर "झाडाची" असंही जोडलं, आणि रिकामी खुर्ची दिसताच पोरीला पोटाशी धरून मटकन खाली बसली.