सुकीला ऊन, ओलीला सावली

कवसा बसल्या जागी कलली आणि मी तिला हाक मारली नाही. मला वाटलं, डुलकी लागली. आमच्या धंद्यात दुपारी डुलकी लागतेच. पदर डोक्यावरून पुढे ओढायचा, एक हात टोपलीच्या काठावर ठेवायचा आणि अर्धा डोळा उघडा ठेवून झोपायचं. मग तिचा हात घसरला, टोपली कलंडली आणि सुके झिंगे डांबरावर पसरले. मी उठून आधी झिंगे गोळा केले. झालं ते असं. मुठी भरभरून टोपलीत टाकत होते आणि तिला बोलत होते, "कवसे, उठ वं, माल सांडून राह्यला." झिंगे घ्यायला थांबलेली एक बाई म्हणाली, "आजी, या बाईचे डोळे पाहा ना, उघडेच हायेत." तेव्हा मी तिच्या कपाळाला हात लावला. घाम नव्हता, एक थेंब नाही. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसं कपाळ. ऑटोतून दवाखान्यात नेईपर्यंत तिचं डोकं माझ्या मांडीवर होतं. तिने पाणी मागितलं नाही, माझं नावही घेतलं नाही. लांबून, तळ्याच्या पलीकडून कुणी बोलवत असल्यासारखी "आली, आली" म्हणत राहिली... संध्याकाळच्या आत गेली.

पेपरात दोन ओळी आल्या. त्यात तिचं वय चुकलं होतं आणि नाव नव्हतंच. कौसल्या तिचं नाव, घरात कवसा. माझी धाकटी जाऊ. गावच्या तळ्यातली मासोळी घरची माणसं पहाटे काढायची आणि आम्ही दोघी ती सकाळच्या गाडीने चंद्रपुरात आणून बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर विकायचो. तीसेक वर्षं शेजारी बसलो. मी चौथी शिकले, ती तेवढीही नाही. म्हणून लिहायचं माझ्याकडे आलं.

त्या रस्त्यावर तेव्हा सात मोठी झाडं होती. चार कडुलिंब, दोन करंज आणि कोपऱ्यावर एक चिंच. आता डोळे मिटले की तो रस्ता मला पाण्याखाली असल्यासारखा दिसतो. हिरवट उजेड, त्यातून सायकली जातायत, माणसं जातायत, त्यांचे आवाज लांबून येतायत... चौकात डांबर मऊ होऊन चपला चिकटायच्या आणि झाडांच्या हद्दीत पाय टाकला की अंगावरून कुणी ओलं फडकं फिरवल्यासारखं वाटायचं. चैत्रात कडुलिंबाचा बारीक फुलोरा मासोळीवर पडायचा. कवसा तो फुंकून काढायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "घेऊन जा, मसाला लावूनच देतो." सावली सरकली की आम्ही सरकायचो. सकाळी दुकानांच्या पायऱ्यांशी, दुपारी खोडाला पाठ लावून, मग हळूहळू रस्त्याच्या कडेला. दिवसभरात दहा पावलं चालणं व्हायचं, तेही बसल्या बसल्या. समोरचा शिंपी आमच्या टोपल्या कुठे पोचल्या ते पाहून जेवायला उठायचा. ऊन किती आहे हे आम्हाला मासोळीच्या कल्ल्यावरून कळायचं. झाडाखाली दुपार झाली तरी कल्ला लाल. तीच मासोळी चौकात नेली तर तासाभरात कल्ला पांढुरका आणि डोळा धुकट. गाव एक, दिवस एक, आणि दोनशे पावलांत दोन वेगळे उन्हाळे.

मग रस्ता रुंद करायचं निघालं. यंत्राच्या करवती घेऊन माणसं आली आणि आठवड्याच्या आत सहा झाडं आडवी झाली. कडुलिंब पडला तेव्हा आवाज मोठा झाला नाही, पण उजेड एवढा झाला की आम्ही दोघींनी डोळ्यांवर हात घेतले. शेवटच्या करंजाकडे ते आले तेव्हा ऊन डोक्यावर होतं. कवसा खोडाला टेकून बसली होती. मुकादम म्हणाला, "उठा बाई, हे पाडाचं हाय."

"पाडा ना. म्या काय धरून ठेवलं?" ती म्हणाली. "पन आधी डबा खाऊन घ्या, भाऊ. मंग कुठी खासान?"

त्या माणसांनी इकडेतिकडे पाहिलं. रस्ताभर त्यांनीच केलेलं ऊन पडलं होतं. ते करंजाखाली बसले, जेवले, आडवे झाले आणि घोरायला लागले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. जेवण झालं की पाडू, उद्या पाडू असं करता करता त्यांचं काम उरकलं, गाडी दुसऱ्या रस्त्याला गेली आणि करंज उभाच राहिला. कवसा मला म्हणाली, "बाई, मानसाले समजवाचं नाई. जेवाले बसवाचं." पुढे चार दिवस ती त्याच तोऱ्यात होती. मासोळीसुद्धा कुणाला कमी भावाने देईना.

रस्ता झाल्यावर मधल्या दुभाजकात नवीन झाडं लावली. ताडासारखी, सरळसोट खोड आणि वर चार पाती. त्यांना टँकरने पाणी घालतात, खालचं गवत कापतात. कवसाने एक दिवस रस्ता ओलांडून नीट पाहणी केली आणि परत येऊन विचारलं, "बाई, याची सावली पडते कुठी?"

"दिव्याच्या खांबाएवढी असंन," मी म्हणाले.

"मंग खांबाखालीच बसू ना. सांजच्याले उजेड तरी भेटन."

लोक म्हणतात, रस्ता हिरवा झाला. झाला, मी नाही म्हणत नाही. पण हिरवं असणं वेगळं आणि सावली असणं वेगळं, हे उन्हात बसल्याशिवाय कळत नाही. वर तारा गेल्या म्हणून करंजाचीही एक बाजू छाटली होती. भर दुपारी त्याची सावली चटईएवढी उरायची. त्यात एक टोपली, कापायचा विळा, मी आणि उभं राहिलेलं गिऱ्हाईक. दुसरी टोपली मावत नव्हती. आणि उन्हातली ओली मासोळी दहा वाजताच वास सोडायची. तेव्हा कवसाच म्हणाली, "ओलीले सावली पाहिजे, सुकीले ऊन चालते. तुमी ओली घेऊन बसा, मी सुकी घेऊन बसतो." मला ते पटलं. तळ्यावर सासू-आजेसासूपासून आम्ही तेच करत आलो होतो, ओली झाकायची, सुकी उन्हात पसरायची. त्यात चूक काय दिसणार? सावली आम्ही दोन टोपल्यांत वाटली. टोपलीमागे कोण बसतं ते मोजलंच नाही. दोन उन्हाळे ती डोक्यावर ओलं फडकं टाकून माझ्यापासून दोन हातांवर उन्हात बसली. मी म्हणायचे, "कोळसा होऊन राह्यली वं तू." ती म्हणायची, "आता मले पाहाले कोन येनार हाय?" आणि आम्ही दोघी हसायचो. अजूनही दुपारी पडल्या पडल्या ते हसू कानाशी येतं. जागी होते तेव्हा कळत नाही की कोणत्या उन्हाळ्यात जागी झाले...

आता मी अकरा वाजता टोपली उचलते. विकलं तर विकलं. हे तेव्हाही करता आलं असतं. मी उठले की करंजाखालच्या जागेत कुणीतरी स्कूटर आणून लावतो, सीट तापू नये म्हणून.

एवढं लिहूनही एक गोष्ट टाळलीच. त्या दिवशी मी घमेल्यात पाणी घालून मरळ आणली होती. मरळ जिवंतच विकावी लागते, मेलेली कुणी घेत नाही. ऊन डोक्यावर आलं तेव्हा कवसा म्हणाली, "बाई, जराशा सरका ना. घडीभर मी बी बसतो." दोन उन्हाळ्यांत तिने हे पहिल्यांदा मागितलं. मी सरकले असते तर घमेलं उन्हात गेलं असतं. मी म्हणाले, "थांब वं, एवढी मरळ जाऊ दे." ती "बरं" म्हणाली आणि तिने पदर पुढे ओढून घेतला. मरळीला गिऱ्हाईक आलं नाही.

दवाखान्यातून संध्याकाळी सामान न्यायला परत आले तेव्हा घमेलं करंजाखाली जिथल्या तिथे होतं. मरळ जिवंत होती. मी जिवंत होते.