नवरीने फोन घ्यायचा नाही

आमच्या खात्यात काही बिघडलं की प्रशिक्षण होतं. पोरांची वजनं घटली, प्रशिक्षण. अंगणवाडीचं छप्पर गळायला लागलं, प्रशिक्षण. छप्पर मात्र गळतच राहतं. मी भोर-वेल्ह्याकडच्या अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका. या नोकरीत माझे केस पांढरे झाले आणि माझी क्षमता इतक्या वेळा बांधून झाली की एव्हाना तिच्यावर दुसरा मजला चढायला हवा होता.

त्या दिवशीचा विषय होता बालविवाह रोखणं. जागा, भोरमधलं एक मंगल कार्यालय, कारण ते आडदिवशी स्वस्तात मिळतं. स्टेजवर मागच्या लग्नाचं थर्माकोलचं ‘शुभविवाह’ तसंच लटकत होतं. प्रशिक्षक पुण्याहून आलेला, माझ्या धाकट्या भावाच्या वयाचा, कॉलरला माईक लावून फिरणारा. त्याने आल्या आल्या सगळ्यांचे मोबाईल चपात्यांच्या टोपलीत गोळा केले. म्हणाला, “आज मनानेही इथेच राहायचं.” आमच्या बाईसाहेब, म्हणजे प्रकल्प अधिकारी, पहिल्या रांगेत मान डोलावत होत्या. त्यांचा मोबाईल अर्थातच त्यांच्याच हातात होता.

मग नाटुकलं बसवायचं ठरलं. सर्वांत ज्येष्ठ बाईने सर्वांत लहान मुलीचं मन अनुभवावं, अशी त्याची कल्पना, म्हणून नवरी मी. बाजारातून मुंडावळ्या आणल्या होत्या, त्या त्याने स्वतःच्या हाताने माझ्या कपाळाला बांधल्या. माझी एक मैत्रीण पर्यवेक्षिका झाली. तिने तोंडाने “ट्रिंग ट्रिंग” केलं, आणि नेमका तेव्हाच टोपलीतला फोन खरोखरचा वाजला. माझाच होता. मी उठले.

“ताई, नवरीने फोन घ्यायचा नाही,” प्रशिक्षक म्हणाला. “भूमिकेत राहा.”

मी घेतलाच. वेल्ह्याकडच्या एका गावातली सेविका होती, दबक्या आवाजात बोलत होती. “मॅडम, हितं आज लगीन हाय. धावीतली पोर हाय ओ. काल गुपचूप हळद लावली, मला कुनी सांगितलं बी न्हाई. साडेबाराला अक्षता हायत. लगीन थांबवायचं ते ग्रामसेवकच ट्रेनिंगला गेल्यात. माजं नाव तेवढं घिऊ नका, मला हितंच राव्हायचंय.”

मी मोठ्याने विचारलं, “मुलगी तयार आहे का?”

“रडून रडून डोळं सुजल्यात तिचं.”

हॉलमध्ये टाळ्या पडल्या. वधूने स्वतःच तक्रार घेतली, हे वळण प्रशिक्षकाला फारच आवडलं. फक्त समोरच्या व्यक्तीला आधी ‘तुला कसं वाटतंय’ असं विचारायला हवं होतं, एवढी त्याने दुरुस्ती सुचवली. मी म्हटलं, “अहो, हे खरं आहे.” तो म्हणाला, “अगदी खरं वाटतंय.”

बाईसाहेबांना मात्र कळलं. त्या माझ्याकडे झुकून म्हणाल्या, “खरं असेल तर रीतसर कळवू या. पण जेवणानंतर. दुपारची सही आणि ग्रुप फोटो राहिलाय.” माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी पर्स उचलली आणि चालू पडले.

दारात जेवणाची पातेली उतरवून एक टेम्पो परत निघाला होता. ड्रायव्हरला गाव सांगितलं. त्याने माझ्याकडे नीट बघितलं आणि फक्त विचारलं, “ताई, मुहूर्त किती वाजताचा?” साडेबारा म्हटल्यावर त्याने गाडी अशी हाणली की नसरापूर कधी मागे पडलं ते कळलं नाही. एवढी सामाजिक जाणीव मी आमच्या खात्यात कधी पाहिली नव्हती. वाटेत पोलीस ठाण्यात फोन केला. तिथल्या हवालदाराने आधी लेखी द्या म्हटलं. मी आवाज चढवल्यावर निघतो म्हणाला.

पोचलो तेव्हा साडेबारा उलटून गेले होते. पण अक्षता पडल्या नव्हत्या. एक पुढारी आशीर्वाद द्यायला आले होते, त्यांच्याआधी त्यांच्या खालच्यांचे आशीर्वाद आणि सगळ्यांचे सत्कार झाले होते, आणि आता ते माईक धरून मुलींच्या शिक्षणाचं महत्त्व सांगत होते. भाषणांनी कुणाचं भलं झालेलं मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. पोलीस आले तरी त्यांचं चालूच होतं.

मी टेम्पोतून उतरले तेव्हा ड्रायव्हर म्हणाला होता, “येळंवर पोचवलं ताई. सुखी राव्हा.” मांडवातल्या बाया माझ्या कपाळाकडे बघायला लागल्या तेव्हा माझा हात वर गेला आणि त्याची घाई मला उमगली. नवरीच्या खोलीत गेले. पोरीने सुजलेले डोळे वर केले आणि मला विचारलं, “मावशी, तुमचं बी आजच हाय?” मला हसू आलं आणि रडूही आलं. मी आधी माझ्या मुंडावळ्या सोडल्या, मग तिच्या.

लग्न मोडलं. अठरा पूर्ण होईपर्यंत पोरीचं लग्न करणार नाही, अशी आईबाप पुण्याला बालकल्याण समितीपुढे हमी देऊन आले. मला नोटीस आली: दुपारच्या सत्राला विनापरवानगी गैरहजर. त्या सत्राचं नाव होतं ‘बालविवाह रोखताना प्रत्यक्ष कृती’.

हमी दिलेली पोर पुढे गुपचूप मामाच्या गावी नेऊन उजवतात, हे आम्हा सगळ्यांना माहीत असतं. त्यावर प्रशिक्षण नाही. म्हणून मी पोरीला सांगून ठेवलं, रोज मधल्या सुट्टीत शाळेतल्या बाईंच्या फोनवरून मला फोन करायचा.

परवा त्याच प्रशिक्षणाचा दुसरा टप्पा झाला. तेच कार्यालय, तीच टोपली. मी फोन मांडीवर ठेवला. प्रशिक्षकाने दोनदा टोपली पुढे केली, मी दोनदा मागे सारली. मधल्या सुट्टीची वेळ टळली. तो फळ्यावर ‘पाठपुरावा’ या शब्दाभोवती गोल काढत होता आणि मला त्या गोलात मामाचं गाव दिसत होतं. मग फोन वाजला.

“मॅडम, गणिताचा तास लांबला. मी शाळेतच हाय.”

मी फोन खाली ठेवला आणि त्या हॉलमध्ये पहिल्यांदाच मनापासून टाळ्या वाजवल्या. प्रशिक्षकाने हात जोडून मान लववली.