कोऱ्या प्लेटा

बिल्डरनं आमच्या वस्तीतल्या छत्तीस कुटुंबांना फसवलं. नगरपंचायतीनं त्याला फसवू दिलं, आणि देखरेखीसाठी नेमलेल्या कंपनीनं त्या फसवणुकीला ‘शंभर टक्के प्रगती’ असं नाव दिलं. त्या कागदावर तिसरी सही माझी आहे. हे मीच आधी सांगून टाकतो.

मी सेंट्रिंगचं सामान भाड्यानं देतो. स्लॅब टाकताना ओलं काँक्रीट खालून धरून ठेवायला लोखंडी प्लेटा आणि बल्ल्या लागतात, ते सामान. बीड जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात आज सगळ्यात जास्त प्लेटा माझ्याकडं आहेत. सुरुवात मात्र कोयत्यानं झाली. थोरल्या बहिणीबरोबर, म्हणजे अक्काबरोबर, मी आठ हंगाम ऊस तोडला. नवव्या हंगामाला गेलो नाही. एका मिस्त्रीच्या हाताखाली बल्ल्या उचलायला राहिलो, आणि त्याच्याकडून त्याच्याच जुन्या प्लेटा भंगाराच्या भावात घासाघीस करून घेतल्या. तेव्हापासून सौद्यात मला कुणी मागं टाकलं नव्हतं. माझं डोकं लवकर तापतं हे गावाला ठाऊक आहे, आणि त्याचा मला धंद्यात फायदाच झाला.

अक्काची वस्ती मोठ्या रस्त्याला लागून होती. दुकानांना याच्याहून चांगली जागा गावात नाही. म्हणून नगरपंचायतीनं आणि बिल्डरनं मिळून भागीदारीचा करार केला. वस्तीनं रस्त्याकडच्या झोपड्या मोडायच्या, मागच्या बाजूला प्रत्येकाला दोन खोल्यांचं पक्कं घर मिळणार. छत्तीसच्या छत्तीस घरांवर स्लॅब पडल्याची नोंद झाली की पुढची मोकळी जागा गाळे बांधायला बिल्डरच्या ताब्यात जाणार. काम किती झालं ते बघायला दर महिन्याला समिती येणार होती. समितीत नगरपंचायतीचे मुख्याधिकारी, निरीक्षण कंपनीचा इंजिनिअर आणि वस्तीचा एक माणूस.

आता वस्तीचा माणूस कोण? दिवाळी झाली की वस्तीच ऊसतोडीला निघते. मागं राहतात दोन-चार म्हातारी आणि कुत्री. काम बरोबर त्याच महिन्यांत काढलेलं होतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात यायला हवं होतं.

अक्कानं माझं नाव दिलं. ट्रॅक्टरमध्ये भांडी, कोंबड्या, पालाच्या काठ्या भरून झाल्या होत्या. चार महिन्यांची पोटुशी सून वर बसली होती.

“तू हाईस म्हणून निघालो आमी,” अक्का म्हणाली. “न्हाईतर कोणाच्या भरवशावर झोपडं मोडून दिलं असतं?”

“अक्के, निर्धास्त जा. मी असल्यावर एक वीट वाकडी लागायची न्हाई.”

“वाकडी लागली तर लागू दे. वर छत पायजे. माझी दोनी बाळंतपणं फडात झाली, पाचटावर. हिचं मी पक्क्या घरात करणार हाय. ऐकलं का?”

“ऐकलं.”

“मान हलवू नको, बोल.”

“पक्क्या घरात, अक्के.”

पंधरा दिवसांत बिल्डरचा माणूस माझ्याकडंच प्लेटा मागायला आला. समितीतही मी आणि प्लेटाही माझ्याच, यात मला काही वावगं वाटलं नाही. उलट बरं वाटलं, म्हटलं दोन्हीकडून लक्ष राहील. मी त्याला कोऱ्या प्लेटा दाखवल्या. कारखान्यातून नुकत्याच आल्या होत्या, अंगावर लाल रंग तसाच होता. अट घातली की परत देताना सिमेंटचा एक कण चिकटलेला चालणार नाही. घासून, पुसून, ऑईल लावून द्यायच्या. हे कुणी मान्य करत नाही, निम्म्यावर येऊन मिटवायचं असतं. तो लगेच ‘बरं’ म्हणाला. मी मिशीला हात लावला. ज्याला प्लेटांवर सिमेंट ओतायचंच नाही तो कशाला घासाघीस करील?

समिती महिन्याच्या पहिल्या आठवड्यात यायची. इंजिनिअर पोरगेलासा होता, गोड बोलायचा. हातात फोन, त्यात कामाची प्रगती नोंदवायचं अ‍ॅप. प्रत्येक घराचा फोटो त्याच जागेवरून काढावा लागतो, एका घराचा फोटो दुसऱ्याच्या नावावर चढत नाही, असं त्यानं मला कौतुकानं समजावलं होतं. दर खेपेला सात-आठ घरांना प्लेटा ठोकलेल्या असायच्या, तिथं आम्ही जायचो. वर लोखंडी सळ्या बांधलेल्या दिसायच्या.

“काका, जरा प्लेटांखाली उभे राहा ना. लाभार्थ्यांचा प्रतिनिधी फोटोत लागतो.”

“काँक्रीट कधी?”

“उद्या सकाळी. मिक्सर निघालाय.”

“मग वतल्यावर फोटो काढ की.”

“ओतल्यानंतरचा रकानाच नाही काका अ‍ॅपमध्ये. सेंट्रिंग आणि सळई दिसली की स्लॅबचा टप्पा हिरवा होतो.”

मुख्याधिकारी हसले. मीही हसलो. माझ्याच प्लेटांखाली उभा राहून मी फोटोत हसलेला आहे, छत्तीस वेळा.

दुसऱ्या दिवशी मी कधी फिरकलो नाही. त्या हंगामात माजलगावकडं कामं जोरात होती. पुढच्या महिन्यात यावं तर आधीच्या घरांच्या दारांना पत्रे ठोकलेले असायचे. ‘क्युरिंग चालू आहे, आत जाऊ नये’ असं खडूनं लिहिलेलं, म्हणजे नव्या स्लॅबवर पाणी मारणं चालू आहे. पुढच्या भिंतींवर विटांचे चार थर जास्त चढवलेले होते, त्यामुळं गल्लीतून वरचं काही दिसत नव्हतं. सेंट्रिंगचा माणूस मी. एक शिडी लावायची होती फक्त. पण मी साहेबांच्या गाडीतून आलेलो होतो, आणि साहेबांची गाडी निघायला टेकलेली असायची.

शेवटच्या बैठकीत त्यांनी पडद्यावर छत्तीस घरं दाखवली, सगळी हिरवी. पेढे वाटले. पुढची जागा देऊन टाकायच्या कागदावर सह्या झाल्या. मी दोन पेढे खाल्ले. त्या पेढ्यांची चव आजही तोंडात येते आणि मला थुंकावंसं वाटतं.

चार दिवसांनी प्लेटा परत आल्या. माझ्याकडं वीस वर्षं सामान उतरवणारा हमाल आहे. तो एक एक प्लेट उलटीसुलटी करून बघत होता.

“मालक, लईच चकचकीत यायल्यात ह्या.”

“यायलाच पायजेत. अट कोणाची हाय?”

“अट तुमचीच हाय हो. पण रंग काहून शाबूत हाय?”

“बे, तुला प्लेटा उतरवायला ठिवलंय का पंचनामा करायला?”

तो पुढची प्लेट उतरवायला वळला. मी मात्र त्याच संध्याकाळी हॉटेलात बसून सांगितलं की अख्ख्या तालुक्यात घासून प्लेटा परत घेणारा मी एकटाच. दोन दिवस सांगत होतो. एका स्लॅबनंतर कोऱ्या प्लेटेचा रंग राहत नाही, हे माझ्याइतकं कुणाला माहीत आहे? कळत होतं. पण सौदा मी जिंकला होता ना, तो हातचा सोडवत नव्हता.

तिसऱ्या दिवशी सकाळी हमालालाच बरोबर घेऊन वस्तीत गेलो. अक्काच्या घराच्या दाराचा पत्रा उचकटला. आत ऊन होतं. चार भिंती, आणि वर सरळ आभाळ. शेजारचं उघडलं, तेही तसंच. हमाल एकेक पत्रा उचकटत पुढं गेला. मी सातव्या घरानंतर बसलो. प्रत्येक घरात बल्ल्या उभ्या केल्या, प्लेटा ठोकल्या, सळ्या बांधल्या, फोटो काढला आणि सगळं सोडून पुढच्या घरात नेलं. छत्तीस वेळा. इतके कष्ट माणसं फसवायला घेतात? मला त्या मेहनतीचीच किळस आली. रस्त्याकडच्या जागेला मात्र तोवर उंच पत्र्याचं कुंपण लागलं होतं आणि ‘गाळ्यांचे बुकिंग सुरू’ असा फलक झळकत होता.

एक प्लेट खांद्यावर टाकून मी नगरपंचायतीत गेलो आणि मुख्याधिकाऱ्यांच्या टेबलावर आपटली. इंजिनिअर तिथंच चहा पीत होता.

“ह्यावर स्लॅब पडलाय म्हणता? दाखवा कुठं!”

“आधी आवाज खाली करा,” मुख्याधिकारी म्हणाले. “अहवाल वर गेला. प्रकल्प पूर्ण आहे.”

“घरांना छत न्हाई, साहेब!”

“तुम्ही प्रत्यक्ष पाहून सही केलीय. तुम्ही तर त्या लाइनमधलेच. तुम्हाला दिसलं नाही, ते आम्हाला कसं दिसणार?”

इंजिनिअरनं फोन माझ्यापुढं धरला. “काका, हे बघा. फोटोत तुम्हीच आहात.”

मी पेला उचलून भिंतीवर फेकला. त्याचीही तक्रार माझ्यावर नोंदवली आहे. त्या सगळ्या प्रकल्पात वेळेवर झालेली तेवढी एकच नोंद असावी.

गुढीपाडव्यानंतर ट्रॅक्टर परत आला. मी वस्तीच्या तोंडाशी उभा होतो. अक्का उतरली, घरात गेली, वर बघितलं. ओरडेल, शिव्या देईल असं वाटलं होतं. तिनं सुनेला हात देऊन उतरवलं आणि पोराला म्हणाली, “पालाच्या काठ्या काढ. भिंतीतच बांधू.”

“अक्के, माझ्या घरी चल. सुनंचं तिथं करू.”

“तुझ्या घरात छत्तीस घरं मावतेत का?” मग भांड्यांचं गाठोडं खाली ठेवत तिनं विचारलं, “सही तुझी हाय म्हणतेत. खरं का, भाऊ?”

“खरं हाय.”

“वर चढून बघितलं न्हाईस?”

“न्हाई.”

सून सरकारी दवाखान्यात बाळंत झाली. तिसऱ्या दिवशी लेकरू त्या भिंतींत आलं. वर काळी ताडपत्री, आत भट्टीसारखी धग. अक्का दिवसभर ओलं फडकं फिरवत बसते. माझ्याशी बोलते, पण कामापुरतं.

मी न बघता सही केली, असा जबाब मी लिहून दिलेला आहे. त्याची जी शिक्षा असेल ती मला द्या. पण मुख्याधिकारी, तुम्ही भर दुपारी या वस्तीत या. त्या इंजिनिअरला आणा, बिल्डरला आणा. अक्काच्या घरात उभे राहा, वर बघा आणि तिच्या तोंडावर सांगा की या घरावर कोणत्या दिवशी, कुणाच्या समोर काँक्रीट ओतलं. सांगता येत नसेल, तर पुढची जागा कुणाच्या हुकमानं दिली ते सांगा. उत्तर मला देऊ नका. तिला द्या.