शिवीसकट प्रार्थना

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, परळमधल्या एका चर्चमध्ये, रविवारच्या भर उपासनेत, माईकवरून, देवाशी बोलता बोलता एका सत्तरीच्या गृहस्थांनी शिवी हासडली. सदर गृहस्थांना बोलायला मी शिकवलं होतं. सदर वाक्याचं सगळं श्रेय, शिवीसकट, मी घेते. त्यातलं कोणाला वाटून द्यायची माझी तयारी नाही.

आता नीट सांगते.

मी स्पीच थेरपिस्ट. राहते लालबागला, परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात काम करते. लोकांना वाटतं आम्ही बोबड्या मुलांना ‘र’ म्हणायला शिकवतो. तेही करतो. पण माझ्याकडे जास्त करून येतात ते स्ट्रोकचे पेशंट. मेंदूची डावी बाजू दुखावली की पुष्कळांना अफेझिया होतो. म्हणजे माणूस शहाणाच असतो, त्याला आपलं बोलणंही बऱ्यापैकी कळतं, पण स्वतःला हवा तो शब्द सापडत नाही. घर आपलंच, पण सामान कोणीतरी न विचारता हलवून ठेवलंय, तसं.

शिरसाटसर काठी टेकत माझ्या खोलीत आले, तेव्हा त्यांच्या घरात एकच सामान उरलं होतं.

“सर, नाव काय तुमचं?”

“च्यायला.”

“नाश्ता झाला?”

“च्यायला.”

आणि कसं म्हणत होते! शांत, अदबीने, पाहुण्यांना ‘बसा ना’ म्हणावं तसं. शेजारी त्यांच्या पत्नी, मार्थाबाई, पदराने तोंड झाकून बसलेल्या.

“मॅडम, आख्ख्या संसारात यांच्या तोंडून मी ‘गाढव’सुद्धा ऐकलं नाही हो. शाळेत मराठी शिकवायचे. चर्चमध्ये वडील आहेत, मंडळीचा कारभार बघतात. आणि आता हे!”

मी त्यांना समजावलं. काही बोलणं आपण विचार करून जुळवतो. काही आपोआप येतं: आकडे, वार, पाढे, गाणी. शिव्याही त्यातल्याच. जुळवायची यंत्रणा बिघडली तरी हे आपोआपचं बोलणं पुष्कळदा शिल्लक राहतं.

“म्हणजे ही यांच्या पोटात होती?”

“सगळ्यांच्याच असते, मार्थाबाई. तुमच्याही.”

“माझ्या तर बऱ्याच असतील,” म्हणाल्या आणि हसल्या. मग एकदम डोळे भरून आले.

खरं दुखणं तिथे होतं. शिरसाटसर प्रार्थनेसाठी प्रसिद्ध होते. त्यांनी डोळे मिटले की बायकांना घरचा कुकर आठवायचा, इतकी लांब प्रार्थना चालायची. आता त्यांनी चर्चला जाणं सोडलं होतं. घरातही प्रार्थनेची वेळ झाली की भिंतीकडे तोंड करून बसायचे. या तोंडाने देवासमोर जायचं नाही, असं ठरवून टाकलेलं. त्यात नातीचा बाप्तिस्मा तोंडावर आलेला. त्यांच्या घरात बाळाच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायची ती आजोबांनीच.

“पाणी मागायला नाही शिकले तरी चालेल,” मार्थाबाई म्हणाल्या. “मी आहे द्यायला. पण देवाशी बोलणं तुटलं तर हा माणूस आतून वाळून जाईल.”

आमच्या विभागप्रमुख देसाई मॅडम. त्यांनी फाईल उघडली.

“थेरपीचा गोल काय लिहिलायस हा? प्रार्थना?”

“हो.”

“पाणी, बाथरूम, दुखतंय. आधी हे. प्रार्थना फंक्शनल गोल नाही.”

“ह्या माणसासाठी आहे, मॅडम.”

“तुम्हा लालबागच्या लोकांना सगळ्यात नाटक लागतं.”

“लागत नाही, मॅडम. आमच्याकडे ते मुबलक असतं.”

“बरं. पण पाणी शिकव.”

मी कामाला लागले. पहिली चाल सोपी होती. ख्रिस्ती माणूस लहानपणापासून म्हणतो ती प्रभूची प्रार्थना आपोआपच्या बोलण्यात जमा असणार. मार्थाबाईंना म्हटलं, पहिली ओळ तुम्ही म्हणा. त्यांनी म्हटली. आणि शिरसाटसर सुरू झाले! पहिल्या शब्दापासून आमेनपर्यंत, न अडखळता. मार्थाबाई रडल्या, शेजारच्या खोलीतला फिजिओथेरपिस्ट पेशंट सोडून बघायला आला. मी मनातल्या मनात पडदा पाडून वाकून नमस्कारसुद्धा केला.

सरांनी डाव्या हाताने टेबलावर थाड्कन मारलं.

“च्यायला!”

या वेळी मात्र सूर त्या शब्दाला अगदी शोभेल असा होता.

“काय झालं, सर?”

उत्तर मार्थाबाईंनी दिलं. “ते पाठ आहे, मॅडम. त्यात हे कुठे आहेत?” मग नवऱ्याकडे न बघता, “खरं सांगू? आधीच्या प्रार्थनांत तरी कुठे होते? सुंदर असायच्या हां. पण देवाला कमी आणि मागच्या बाकाला जास्त.”

मला वाटलं, आता तो शब्द येणार. सरांनी बायकोकडे पाहिलं. मग त्यांनी हळूच मान हलवली. हो म्हणून.

“आणि तुम्ही कशी करता?” मी विचारलं.

“मी कसली करते? भांडी घासताना बोलते त्याच्याशी. दूध नासलं, सुनेचं चुकलं, माझंही चुकलं, तू बघ जरा. कधी भांडतेही. हे भांडतच नाहीत, मग कोणाशी भांडू?”

तिथून माझी दुसरी चाल सुरू झाली. आमच्याकडे स्क्रिप्ट ट्रेनिंग म्हणून प्रकार आहे. पेशंटला स्वतःला जे म्हणायचंय ते छोटं वाक्य निवडायचं आणि ताल धरून ते रोज घोटायचं. मी सरांसमोर शब्दांची कार्डं मांडली.

“सर, इथे मंडळी नाही. माईक नाही. फक्त तो आहे. काय सांगायचंय त्याला?”

सरांचं बोट फिरलं. आभार. कृपा. आशीर्वाद. आयुष्यभर सढळ हाताने वापरलेले शब्द. सगळे मागे टाकले. हवा तो शब्द मी मांडलाच नव्हता. ओठ हलायला लागले, कपाळावर घाम आला. माझ्या धंद्यातलं सगळ्यात अवघड काम म्हणजे अशा वेळी गप्प बसणं. समोरच्याचा शब्द आपण पुरा करायचा नाही. माझ्यासारख्या बाईला हे किती जड जातं, ते माझ्या नवऱ्याला विचारा.

“का?” सर म्हणाले.

मार्थाबाईंच्या हातातली पिशवी खाली पडली. देवाला ‘का’ विचारू नये, असं हा माणूस चर्चमधल्या मुलांना शिकवत आलेला.

“देवा, का?” सर पुन्हा म्हणाले आणि रडायला लागले. माझ्या टेबलावर पेशंटसाठी टिश्यूचा डबा असतो. तो मीच संपवला.

पुढे कितीतरी दिवस एवढंच वाक्य. मार्थाबाई बातमी आणायच्या. “सकाळी गॅलरीत एकटे बसतात, मॅडम. अभ्यास म्हणून नाही, खरंच विचारतात त्याला. आणि मग गप्प बसून राहतात. पूर्वी गप्प बसायचेच नाहीत. त्याला बोलायला वेळच कुठे मिळत होता?”

मग एका सेशनला नवं वाक्य आलं. माझं नव्हे, त्यांचं. “देवा, तू आहेस?” शेवटी सूर वर गेलेला. म्हणजे प्रश्न. हा सूर ओळखायचाच मला पगार मिळतो. आम्ही ते घोटलं, डाव्या हाताने टेबलावर ताल धरून. मधूनमधून ‘पाणी’ही घोटलं. देसाई मॅडमनी नोंद घ्यावी.

आणि एका सकाळी सूर खाली आला. शब्द तेच. “देवा, तू आहेस.”

“सर, हे विचारलंत की सांगितलंत?”

मराठीचे मास्तर ‘ढ’ मुलाकडे बघतात तसे ते माझ्याकडे बघायला लागले. शेजारच्या खुर्चीवर हात ठेवून म्हणाले, “आहेस.”

त्या खुर्चीवर माझी पर्स होती. मी ती उचलली.

बाप्तिस्म्याच्या आधी मी मार्थाबाईंना स्पष्ट सांगितलं की, दडपण आलं की आपोआपचा शब्द आधी बाहेर पडतो. मार्थाबाईंनी बंदोबस्त केला. कीबोर्डवाल्याला ताकीद दिली: “तो शब्द आला की मी हात वर करीन. तू लगेच गाणं सुरू कर, मोठ्याने.”

रविवारी मी मागच्या बाकावर बसले. बाळाला पाणी लावून झालं. पाळकसाहेबांनी माईक सरांसमोर धरला. मंडळींनी सवयीने माना खाली घातल्या, डोळे मिटले. बायका कुकर बंद करून आल्या असाव्यात. मी एकटीच टक्क उघड्या डोळ्यांनी बघत होते.

सरांनी पुढच्या बाकावर ताल धरला. “देवा...”

मी मांडीवर ताल धरला.

“तू... तू...”

अडकले. हा चेहरा मला पाठ आहे. शब्द दारात उभा असतो आणि दार उघडत नाही.

“तू...”

आणि मग स्पीकरमधून, पार शेवटच्या बाकापर्यंत, खणखणीत:

“च्यायला!”

मार्थाबाईंचा हात वर गेला. कीबोर्डवाल्याची बोटं खाली येणार, इतक्यात सरांनी त्याच्याकडे पाहिलं. आख्खा वर्ग चिडीचूप करणारी ती नजर. बोटं हवेतच राहिली. सरांनी नातीच्या डोक्यावर हात ठेवला.

“आहेस.”

सूर खाली आला होता. मी माझ्या या कानांनी ऐकला.

मी फाईल बंद केली तेव्हा देसाई मॅडमनी शेवटचा रिपोर्ट वाचला. ‘गोल साध्य. स्वतःचं वाक्य, तीन शब्द.’

“शिवी नाही मोजलीस?”

“ती मी शिकवायच्या आधीपासून येत होती, मॅडम.”

त्या सही करताना हसल्या. मला पाहिजे तेवढं बक्षीस मिळालं. या सगळ्यातून धडा एवढाच, की माणूस अडला तर त्याला अडू द्यावं. मध्येच कीबोर्ड वाजवू नये.

हां, एक राहिलं. ‘आहेस’ म्हणून सर थांबले आणि चर्चमध्ये कोणी हललंच नाही. शिरसाटसरांची प्रार्थना एवढ्यात संपते हे कोणाच्या ध्यानीमनीही नव्हतं. सगळे डोळे मिटून पुढच्या पाऊण तासाची वाट बघत उभे. पाळकसाहेबसुद्धा. शेवटी मार्थाबाईंना राहवलं नाही. वर केलेला हात तसाच हवेत ठेवून त्या ओरडल्या:

“अहो, आमेन म्हणा की सगळे! पोचलं त्याला!”